बिनपट्टीचं रबर

आमच्या गाडीच्या पुढच्या काचेचं रबर उन्हानं गेलं, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. रबर गेल्याचा आनंद होणारा माणूस लोकांना वेडाच वाटला असता.

कारण असं, की पुढची काच बसवणं हे दोन माणसांचं काम आहे. एक बाहेर, बॉनेटच्या बाजूला. दुसरा आत, सीटवर. माझ्या घरात तेव्हा मी एकटाच होतो. बायको पुण्याला, मुलीकडे. म्हणजे काच बसवायची तर तिला यावं लागणार होतं.

ती गेली होती मुलीच्या बाळंतपणाला, सव्वा महिन्यासाठी. नातू झाला. तो वर्षाचा झाला तरी हाक मारली की वळून बघेना. तपासण्या झाल्या आणि त्याला फार कमी ऐकू येतं असं निघालं. मग कानाला मशीन आलं, रोजचा बोलायचा वर्ग आला. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला. वर्गातल्या बाईंनी सांगितलं, की घरातल्या कुणीतरी दिवसभर त्याच्या समोर बसून, आपले ओठ त्याला दिसतील असं, बोलत राहायला हवं. ते कुणीतरी म्हणजे ही. आमच्यात भांडण नाही, तंटा नाही. गल्लीतल्या लोकांना हे पटत नाही. ‘काकू कधी येणार?’ असं विचारताना त्यांचा आवाज जरा जास्तच मऊ होतो. मी ‘येईल की’ म्हणतो आणि चालायला लागतो. असं म्हणता म्हणता तीन-चार वर्षं गेली.

एकटं राहायची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. भाकरी जमत नाही म्हणून डबा लावला. डब्यातली भाजी सगळ्यांसाठी केलेली असते, कुणा एकासाठी केलेली नसते, आणि ते खाताना कळतं. सकाळी चहा ठेवताना हात आपोआप दोन कप पाणी घेतो. मग टाकवत नाही म्हणून दोन्ही कप मीच पितो, आणि दिवसभर करपट ढेकर देत बसतो. संध्याकाळी ओट्यावर बसून गाडीशी बोलतो. टॉवेलच्या कारखान्यात सगळी नोकरी मशिनी दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा लोखंडाशी बोलायची सवय जुनीच. फरक एवढाच, की त्या वेळी घरी आल्यावर माणसाशीही बोलायचो.

गाडी जुनी अँबॅसेडर आहे. पांढरी म्हणून घेतली होती, आता सायीच्या रंगाची झाली आहे. मी ती घरी आणली तेव्हा हिनं नाक मुरडलं होतं. तिला त्या गाडीतली एकच गोष्ट आवडली : पुढच्या काचेच्या रबरात बसवलेली चकचकीत धातूची पट्टी. दर खंडेनवमीला गाडीची पूजा करायच्या आधी ती दंतमंजन लावून ती पट्टी घासायची. इंजिन, गिअर, टायर सगळं माझं. पट्टी तेवढी तिची.

रबर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मागच्या पावसाळ्यात ती आली असताना आम्ही मोहोळला एका लग्नाला गेलो, तर वाटेत पाऊस लागला आणि काचेच्या कोपऱ्यातून पाणी थेट तिच्या मांडीवर. तिनं प्लॅस्टिकची पिशवी पसरून घेतली आणि मोहोळपर्यंत एक शब्द बोलली नाही. लग्नमंडपाच्या दारात उतरताना म्हणाली, “ही काच नीट बसवल्याबिगर मी हितनं फुडं या गाडीत बसणार न्हाय.” मी ते वाक्य जपून ठेवलं. दुसऱ्या कुणाला तो राग वाटला असता. मला त्यात ‘काच बसली की बसणार’ असं ऐकू आलं.

मग यंदा उन्हाळ्यात मी जुनं रबर काढायला घेतलं. आधी पट्टी काढावी लागते. ती काढताना एकानं सुटलेलं टोक धरून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं पुढे पुढे उचकटत जायचं, अशी पद्धत. धरायला कुणी नव्हतं. सुटलेलं टोक मी वायपरला सुतळीनं बांधलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. वरच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा सुतळी सुटली, पट्टी आपल्याच वजनानं खाली लोंबली आणि कोपऱ्यात तिची घडी पडली. कागदाची पडावी तशी. अशा पातळ पत्र्याची घडी कितीही ठोका, निघत नाही. मी दुपारभर लाकडी हातोडीनं ठोकत बसलो, तर घडीच्या जागी चीर गेली. तेव्हा मात्र मी ओट्यावर बसून स्वतःला मोठ्यानं शिव्या दिल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं पदर सावरला आणि पावलं उचलली.

आमच्या गावातल्या भवानी पेठेत गाड्यांच्या काचा बसवणारे एक म्हातारे चाचा आहेत. ते माझ्याशी त्यांच्या दखनीत बोलतात, मी त्यांच्याशी आपल्या मराठीत बोलतो, आणि वर्षानुवर्षं दोघांचं नीट चाललेलं आहे. मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतलीसुद्धा नाही.

“पट्टी को भूल जाओ, काका. अब नै मिलती. बिनपट्टी का रबर लेको जाओ.”

“आन हेच पट्टीचं रबर नुसतं लावलं तर?”

“नक्को. पानी आता.”

ते खरं होतं. पट्टीच्या रबराला बाहेरून एक खाच असते. तिच्यात पट्टी घट्ट बसली, की तिच्या दाबानं रबर काचेला आवळलं जातं. पट्टी नसली तर ती खाच तशीच उघडी राहते आणि रबर ढिलं पडतं. बिनपट्टीच्या रबराला ती खाचच नसते, ते मुळातच जाड आणि घट्ट असतं. शोभा नाही, पण पाणी अडतं. शिवाय पट्टी रबरात घालायची ती काच गाडीला लावायच्या आधी. एकदा बिनपट्टीचं बसवलं, की नंतर मन बदलून उपयोग नाही. मी बिनपट्टीचं घेतलं.

चाचा रबराची गुंडाळी बांधता बांधता म्हणाले, “बिठाने को मैं आतूं, भाई को लेको. दो आदमी का काम है.”

“नगं,” मी म्हणालो. “घरात माणूस हाय की.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ‘अच्छा’ म्हणाले आणि गाठ मारली. रिक्षात बसल्यावर माझे कान गरम झाले होते.

खरं सांगायचं तर मी एकदा एकट्यानं करून बघितलं. पद्धत अशी : रबर काचेच्या कडेला चढवायचं. रबराला आतल्या अंगाला आणखी एक चर असते, तिच्यात गाडीच्या पत्र्याची कड बसायची असते. त्या चरीत सगळीकडून नायलॉनची दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोकं खालच्या बाजूला आत सोडायची. मग काच बाहेरून जागेवर टेकवायची. आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो, तशी रबराची कड पत्र्यावरून उलटून आत येते, आणि बाहेरचा माणूस नेमकं त्याच जागी तळहातानं काच दाबत जातो. मी बाहेरून दाबायचो, धावत आत जाऊन वीतभर दोरी ओढायचो, पुन्हा धावत बाहेर. उजवी बाजू बसली की डावी सुटायची. शेवटी काच घसरून बॉनेटवर आली आणि मी तिला छातीनं अडवली. फुटली असती तर तसली काच पुन्हा मिळाली नसती. कितीतरी वेळ मी तसाच तिला कवटाळून उभा होतो, कारण खाली ठेवायलाही दुसरा हात हवा होता.

त्यानंतर काच घरात नेली आणि पलंगावर ठेवली. हिच्या बाजूला, खाली दुमडलेली चादर घालून. दुसरीकडे कुठे ठेवली तरी पाय लागेल अशी धास्ती. पावसाळाभर ती तिथंच होती. गाडीच्या काचेच्या जागी ताडपत्री. सकाळी जाग आली की शेजारी काचेत छताचा पंखा फिरताना दिसायचा.

फोनवर मी एवढंच म्हणालो, “रबर आणलंय.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

“दोन माणसांचं काम हाय.”

“मग?”

“मग काय न्हाय. सांगितलं आपलं.”

मला ‘ये’ म्हणता आलं नाही. का ते मला माहीत नाही. आमच्या घरात कुणी बायकोला ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. म्हणताना तोंड कसं करायचं तेच ठाऊक नाही.

ती दसऱ्याला आली. चार दिवसांसाठी. स्टेशनवरून रिक्षानं आणली. घरात शिरल्या शिरल्या खोलीत डोकावली, पलंगावर काच बघितली आणि हसायला लागली.

“हिला ठिवलीय व्हय माझ्या जागेवर? आन मी कुटं झोपू?”

मी घाईघाईनं काच उचलायला लागलो, तर तिनं दुसऱ्या बाजूनं धरली. आम्ही दोघांनी ती उचलून भिंतीला टेकवली. किती हलकी होती काच!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळीच मी रबर गच्चीवर उन्हात घातलं. आश्विनातलं आमच्याकडचं ऊन असल्या कामाला चांगलं, रबर लोण्यासारखं मऊ पडतं. ते खाली आणून काचेवर चढवलं, तेवढ्यात ती दंतमंजनाचा डबा आणि फडकं घेऊन बाहेर आली.

“पट्टी द्या, घासून ठिवते.”

मी सांगितलं. घडी पडली, चीर गेली, नवीन मिळत नाही. तिनं मोडकी पट्टी मागून घेतली, चिरेवरून बोट फिरवलं.

“कुणी काढली?”

“मीच.”

“एकट्यानं?”

“मग काय गल्ली बोलवू?”

ती काचेवर चढवलेल्या नुसत्या काळ्या रबराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बिनकुंकवाची दिसतीया.” आणि लगेच जीभ चावून, “आसलं तोंडातनं काढू न्हाय सणाचं,” असं म्हणत पट्टी आत ठेवून आली.

काम सुरू झालं. साबणाचं पाणी तिनंच केलं, मी नको म्हणत असताना दुप्पट फेस करून. ती आत बसली, साडीचा पदर खोचून, दोरीची टोकं हातात घेऊन. मी काच टेकवली.

“वढू?”

“हळू. खालनं सुरुवात कर. सरळ वढू नको, काचेच्या मधल्या अंगाला वढ.”

“ठावं हाय मला. मागच्या टायमाला कुणी वढली होती?”

मागच्या वेळी म्हणजे मुलगी शाळेत होती तेव्हा. तेव्हाही हीच आत होती. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती. दोरी इंचाइंचानं येत होती, आणि ती जिथं असेल तिथं माझा तळहात काचेच्या या बाजूला. तिचं बोट आत, माझा पंजा बाहेर. “आता कोपरा,” ती म्हणायची, मी कोपरा दाबायचो. मध्ये एकदा रबर अडलं तर तिनं मला न विचारता दोरी मागे सोडली, साबणाचं बोट फिरवलं आणि पुन्हा ओढली. कारखान्यात माझ्या हाताखाली कितीतरी माणसं काम करून गेली. असा हात कुणाचा नव्हता. आणि हा हात आता पुण्याला असतो, हे त्या वेळी मला फार लागलं.

दोरीचा शेवट सुटून तिच्या हातात आला. काच बसली होती. मी नळाला पाइप लावला आणि तिला आतच बसायला सांगितलं. वरून, दोन्ही कोपऱ्यांवरून पाणी सोडलं. ती आत वाकून वाकून बघत होती, बोट फिरवत होती. मी नळ बंद केला. तिनं आतून मान हलवली : नाही, कुठंच नाही.

दारांच्या काचा वर होत्या, पुढची आता घट्ट बसली होती. आत काही ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच असेल, मी बॉनेटपाशी उभा राहून, तिच्याकडे बघून म्हणालो, “राहा की आता हितंच. लई झालं.”

ती बघत राहिली. मग दार उघडून उतरली, हात पदराला पुसले.

“न्हाय राहता येणार मला,” ती म्हणाली.

माझ्या हातात पाइप होता. मी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“तुला ऐकू आलं?”

“ऐकू कशाला यायला पायजे? दिवसभर त्येच करतो की मी आन नातू. टीव्हीचा आवाज बंद करायचा आन कोण काय म्हणतंय ते ओळखायचं. त्याच्यासंगं मी बी शिकले.” मग ती गाडीला टेकून उभी राहिली. “लई दिस सांगायचं होतं. फोनवर जीभ उचलत नव्हती. त्याची शाळा झाली की येते, आसं म्हणलं आसतं तुमाला, पन खोटं कशाला बोलू? शाळा झाली की दुसरं काय तरी निघंलच. मी हितं परत राहायला येत न्हाय आता.”

मी म्हणालो, “मग गाडी?”

ती हसली नाही. “तितं तुमाला कुणी येऊ नका म्हणलंय का?” तिनं विचारलं. “येता, दोन दिस राहता आन पळता. घराला कुलूप हाय म्हणता, झाडं वाळत्याल म्हणता.”

झाडं म्हणजे दोन कुंड्या आणि एक तुळस. खरं कारण मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी पुण्याला गेलो, की नातवासमोर बसायचो. बोलायचो, गोष्ट सांगायचो, आणि तो माझ्या तोंडाकडे क्षणभर बघून मान फिरवायचा, आजीकडे जायचा. प्रत्येक वेळी. त्याला मी आवडत नाही, हे मला कळत होतं. परतीच्या रेल्वेत जेऊर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहायचो. जेऊर माझं गाव. तिथं मी लहान असताना सगळे मला ओळखायचे. आता मला ओळखणारं एक माणूस होतं, आणि ते दुसऱ्या एका लहान जिवाचं झालं होतं. माझा त्या पोरावर राग होता. हो, होता.

त्या दिवशी पहिल्यांदा मी ते बोललो. “त्याला मी नको असतो,” मी म्हणालो. “माझ्याकडं बघत बी न्हाय.”

“आवो, बघतो की! बघतो आन कळत न्हाय म्हणून सोडून देतो. माझ्याकडं येऊन इचारतो, आजोबा काय म्हणले.” तिनं स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. “या मिशा. सगळा ओठ झाकलाय. मला इतक्या वर्सांनी मिशांतनं बी कळतं तुमी काय म्हणताय. त्याला कसं कळणार?”

“मग आधी का न्हाय सांगितलंस?”

“काय सांगू? मिशी काढा म्हणून? सवाशीण बाई हाय मी.”

आमच्याकडं मिशी उतरते ती घरात कुणी गेलं तर. मी ती एकदाच उतरवली होती, वडील गेले तेव्हा. बायकोनं नवऱ्याला मिशी काढ म्हणणं कसं शक्य होतं? तिनंही इतकी वर्षं ते गिळलं, आणि मी समजत राहिलो की मीच एकटा गिळतोय.

संध्याकाळी तिनं गाडीला हार घातला, काळ्या रबराच्या वर मधोमध हळदीकुंकवाचं बोट लावलं. दसऱ्याला सोनं वाटून झालं. दोन दिवसांनी मी तिला गाडीनंच स्टेशनवर सोडलं. ती पुढच्या सीटवर बसली, कोरडी. रेल्वे सुटताना ती म्हणाली, “जपून ऱ्हावा.” मी मान हलवली.

घरी आलो. पलंगाची तिची बाजू रिकामी होती, आता काचही नव्हती. मी तिथं बसलो आणि मला रडू आलं. पुष्कळ वेळ रडलो. कुणी बघायला नव्हतं, त्यामुळं थांबायचं कारणही नव्हतं.

दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या सकाळी डबेवाल्या बाईंना डबा बंद म्हणून सांगितलं, तुळस आणि कुंड्या शेजारी नेऊन दिल्या, आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो. तो बऱ्याच वर्षांचा ओळखीचा. त्यानं नेहमीसारखी मिशी कातरायला कात्री उचलली.

“कातरू नको. उतरव.”

त्याचा हात थांबला. आरशातून माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, “कोण वारलं, काका?”

“कुणी न्हाय,” मी म्हणालो. “नातवाला माझं बोलनं दिसत न्हाय.”

त्याला काही कळलं नसावं, पण त्यानं पुढं विचारलं नाही. ब्रश भिजवला, फेस लावला, वस्तरा फिरवला. तोंड पुसल्यावर आरशात एक उघडा, फिका ओठ दिसला. अनोळखी आणि म्हातारा. मी त्याच्याकडे बघून आवाज न करता म्हणून बघितलं, ‘आलो.’ मग आणखी एकदा, सावकाश.